मिडलसेक्सचा वाढदिवस, तारखेने

महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस कुठेही गेला तरी आधी हद्द विचारतो. मुलीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला, जाऊन आठवडा झाला तेव्हा मी जावयांना तेच विचारलं: आपण बसलोय तो जिल्हा कुठला? "मिडलसेक्स काउंटी," ते म्हणाले, "पण बाबा, इथे काउंटी कोण विचारतंय? टाउनशिप विचारतात, नाहीतर शाळा कुठली ते." मुलगी तिथे अकरा वर्षं राहते. काउंटीचं मुख्यालय कुठे आहे, हे सांगताना तीही जरा अडखळली.

मिडलसेक्स म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे लॉर्ड्स येतं. नाव तेच. लंडनला लागून असलेली इंग्लंडमधली मूळची मिडलसेक्स काउंटी १९६५ साली कारभारातून पुसली गेली आणि मुख्यतः क्रिकेटच्या संघापुरती उरली. तिचं नाव लावणारी ही अमेरिकेतली भाची मात्र अजून नांदती आहे. किती वर्षं? नातवाला ग्रंथालयात नेण्याचं काम माझ्याकडे होतं, तिथल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात उत्तर मिळालं. ७ मार्च १६८३. ईस्ट जर्सी नावाच्या वसाहतीच्या विधिमंडळाने त्या दिवशी आपल्या मुलखाचे चार भाग पाडले: बर्गन, एसेक्स, मिडलसेक्स आणि मॉनमथ. मी लगेच आपल्याकडचा हिशेब लावला. रायगडावर संभाजी महाराज, औरंगजेब दख्खनेत उतरलेला. आणि अमेरिका नावाचा देश जन्माला यायला अजून त्र्याण्णव वर्षं. आधी जिल्हा, मग देश!

आम्ही उलट क्रम पाहिलेली माणसं. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादमधून लातूर वेगळा निघाला तेव्हा मी नुकताच लागलेला कनिष्ठ लिपिक होतो. दप्तराचे बस्ते ट्रकमध्ये चढवताना कुठला गठ्ठा जुन्या जिल्ह्याचा आणि कुठला नव्याचा, यावरून दोन कारकुनांची जवळजवळ मारामारी झालेली मला आठवते. जिल्हा म्हणजे शेवटी कागद कुठल्या खोलीत राहणार याचा निर्णय, हे मी त्या दिवशी शिकलो.

७ मार्चला शनिवार येत होता. मी जाहीर केलं की आपण काउंटीचा ३४३वा वाढदिवस साजरा करायचा, म्हणजे समुद्राच्या टोकापासून निघून आतल्या टोकापर्यंत जायचं. यंदा ४ जुलैला देशाची अडीचशे वर्षं पूर्ण होताहेत, झेंडे आणि फलक त्याचेच. काउंटीच्या वाढदिवसाचं मला तरी रस्त्यावर काही दिसलं नाही. "मग आपणच करू," असं बायको म्हणाली. तिला फिरायला निमित्त हवं असतं.

निघण्याआधी एक गोची निघाली. दुसऱ्या एका पुस्तकात हाच मार्च महिना १६८२ सालात टाकला होता. छपाईची चूक वाटली, पण चूक नव्हती. त्या काळच्या इंग्रजी कायदेशीर कालगणनेत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, १ जानेवारीला नव्हे. म्हणजे ७ मार्च हा वर्षाचा शेवट, सुरुवात नव्हे. १७५२पर्यंत हे चाललं. आपल्याकडे महाराष्ट्रात वर्ष पाडव्याला बदलतं आणि गुजराती दुकानदाराच्या वहीत दिवाळीनंतर, तसंच. नातवाला हे पटेना. बायकोला मात्र दोन मिनिटांत पटलं.

पर्थ ॲम्बॉय

काउंटीच्या पूर्वेच्या टोकाला रॅरिटन नदी समुद्राला मिळते, त्या मुखावर पर्थ ॲम्बॉय वसलंय. वारा असा की कानटोपीतून आरपार जावा. धक्क्यावर गळ टाकून बसलेले तिघे-चौघे, आपसात स्पॅनिशमध्ये बोलणारे. आजच्या पर्थ ॲम्बॉयची तीन-चतुर्थांशांहून अधिक वस्ती लॅटिनो आहे. डोमिनिकन आणि पोर्तो रिकन माणसं जास्त. समोर, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं, न्यू यॉर्कचं स्टॅटन बेट. तिकडे नेणारा पूल आहे त्याचं नाव आउटरब्रिज क्रॉसिंग. मी समजलो, सगळ्यांत बाहेरचा पूल म्हणून. जावई हसले. आउटरब्रिज हे एका गृहस्थाचं आडनाव. बंदर प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. आडनावच असं की पुलाला वेगळा 'ब्रिज' जोडायची सोय राहिली नाही.

हे गाव १६८६पासून ईस्ट जर्सीची राजधानी होतं. पण मला इथे आणलं ते राजधानीने नाही, जमिनीच्या दप्तराने. १६८२च्या फेब्रुवारीत ईस्ट जर्सी हा अख्खा प्रदेश, माणसांसकट आणि जंगलासकट, लिलावात ३,४०० पौंडांना विकला गेला. आधीचा मालक वारला होता, मागे देणी होती. घेणारे बारा जण, त्यांत पेनसिल्व्हेनियावाला विल्यम पेनही होता. पुढे प्रत्येकाने एकेक भागीदार घेतला आणि झाले चोवीस. यांना म्हणायचे प्रोप्रायटर, आपल्या भाषेत मालक. जमीन ते वाटणार, मोजणी त्यांचा मुख्य सर्वेक्षक करणार, आणि दर एकरी वर्षाचा खंड त्यांना मिळणार. मुळात इथे राहणाऱ्या लेनापे लोकांकडून जमीन 'विकत' घेतल्याचे कागदही होतेच. लेनापे या जागेला ओम्पोज म्हणत, त्याचं घासून ॲम्बॉय झालं. पर्थ आलं स्कॉटलंडच्या पर्थच्या अर्लकडून. तोही चोवीसांतला एक.

खंड काही धड वसूल झाला नाही. शेतकऱ्यांचं म्हणणं, आमच्या बापजाद्यांनी आधीच्या गव्हर्नरकडून आणि लेनापेंकडून जमीन घेतली, तुम्ही कोण? १७४०च्या दशकात यावरून दंगे झाले, तुरुंग फोडून माणसं सोडवली गेली. हे सगळं ऐकताना मला आपल्याकडचे खोत आणि कुळं आठवत होती. पण माझ्या तोंडाचा आ झाला तो पुढच्या गोष्टीने. क्रांती झाली, राजा गेला, प्रजासत्ताक आलं, गुलामगिरी संपली, दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि प्रोप्रायटरांचं मंडळ तसंच चालू! दोन जुन्या मोजण्यांच्या मध्ये कुठे न वाटलेली पट्टी उरली की ती त्यांची. हे मंडळ विसर्जित झालं १९९८ साली. त्याचं दप्तर मग राज्याच्या अभिलेखागारात गेलं. तीनशे सोळा वर्षं एकच फेरफार प्रलंबित राहावा, तसं हे. आमच्या खात्यावर दिरंगाईचे आरोप करणाऱ्यांना हे सांगायला हवं.

प्रोप्रायटरांनी गव्हर्नरसाठी १७६०च्या दशकात बांधलेला विटांचा मोठा वाडा, प्रोप्रायटरी हाउस, अजून उभा आहे. मूळच्या तेरा वसाहतींमध्ये राजाच्या गव्हर्नरचं असं अधिकृत निवासस्थान आता हे एकच शिल्लक. इथला शेवटचा रहिवासी गव्हर्नर म्हणजे विल्यम फ्रँकलिन. आडनाव ओळखीचं वाटलं ना? बेंजामिन फ्रँकलिनचाच मुलगा. बाप स्वातंत्र्याच्या बाजूने, मुलगा राजाशी एकनिष्ठ. १७७६च्या जूनमध्ये विल्यमला अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात बापाच्या बाजूचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. बापलेकांचं पुन्हा कधी जुळलं नाही. वाड्याच्या पायऱ्यांवर बायको जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पोराच्या आईचं काय झालं?" ते मला माहीत नव्हतं. इतिहासकारांनाही त्याची आई कोण होती हे नक्की ठाऊक नाही, हे घरी आल्यावर वाचलं.

तिथून सेंट पीटर्स चर्चच्या आवारात गेलो. पाण्याकडे उतरत जाणारं हिरवं-करडं आवार, झुकलेले दगड, काहींवरची अक्षरं वाऱ्यापावसाने पार गुळगुळीत केलेली. आम्ही शोधत होतो थॉमस मंडी पीटरसन यांची कबर. पेशाने शाळेतला शिपाई-राखणदार. ३१ मार्च १८७०ला पर्थ ॲम्बॉयमध्ये नगराच्या सनदेवर मतदान होतं. सनद सुधारून ठेवायची की नगर मोडून पुन्हा टाउनशिप व्हायचं, एवढाच प्रश्न. आदल्याच दिवशी घटनेची पंधरावी दुरुस्ती लागू झाल्याची घोषणा झाली होती: वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांनी मताचा हक्क नाकारता येणार नाही. पीटरसन गेले आणि मत टाकून आले. त्या दुरुस्तीखाली मत देणारे ते देशातले पहिले कृष्णवर्णीय. राष्ट्राध्यक्षासाठी नाही, युद्ध-शांततेसाठी नाही, नगरपालिकेच्या सनदेसाठी. पुढे त्याच सनदेच्या दुरुस्तीच्या समितीवर त्यांना घेतलं. १८८४ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना सोन्याचं पदक दिलं, त्यावर लिंकनचा चेहरा. ते पदक आज न्यू ऑर्लिन्सच्या एका विद्यापीठात आहे.

मी निवडणुकीच्या ड्यूट्या आयुष्यभर केल्या. ग्रामपंचायतीच्या मतदानाला पहिल्यांदा आलेल्या म्हाताऱ्यांचे थरथरते अंगठे शाईच्या पॅडवर धरले. त्या दगडासमोर टोपी काढली. कान बधिर झाले, पण काढली.

विटा, दिवे आणि जिलेबी

रॅरिटनच्या दोन्ही काठांना या भागात चिकणमाती आहे, डायनासोरांच्या काळातली. एकोणिसाव्या शतकात तिच्या विटा आणि टेराकोटा न्यू यॉर्क बांधायला गेल्या. सेरव्हिलमधला १८५० साली सुरू झालेला सेअर अँड फिशरचा वीट कारखाना त्यात मोठा. आता भट्ट्या नाहीत, खड्ड्यांची तळी झाली आहेत. गाडीतूनच पाहिलं.

मेन्लो पार्कला उतरलो. एडिसनने इथे १८७६मध्ये प्रयोगशाळा थाटली, १८७७मध्ये फोनोग्राफ बोलवला, १८७९मध्ये विजेचा दिवा टिकवून दाखवला. शोध लावण्याचा कारखाना असावा, पगारी माणसांनी रोज येऊन शोध लावावेत, ही कल्पनाच इथली. आता पाहायला काय आहे? १९३८चा एक मनोरा आणि त्याच्या डोक्यावर माणसाच्या दुपटीहून उंच काचेचा दिवा. प्रयोगशाळा कुठे गेली? हेन्री फोर्डने १९२०च्या दशकात तिचे उरलेसुरले भाग उचलून मिशिगनला नेले आणि तिथे आपल्या संग्रहालयात ती पुन्हा उभारली. इतकंच नाही, खालची लाल मातीसुद्धा गाड्या भरभरून नेली, म्हणजे प्रयोगशाळा 'न्यू जर्सीच्या मातीवर' उभी राहावी. गौण खनिजाची ही वाहतूक कुठल्या परवान्यावर झाली, असा प्रश्न माझ्या मनात आला. तो मी कुणाला विचारला नाही. टाउनशिपने आपलं रॅरिटन हे जुनं नाव टाकून एडिसन हे नाव घेतलं ते १९५४मध्ये. वस्तू गेली, नाव राहिलं.

जेवायला ओक ट्री रोड. एडिसन आणि इसेलिन या दोन वस्त्यांना जोडणारा हा रस्ता म्हणजे साडीची, सोन्याची, किराण्याची, चाटची दुकानं. फळ्यांवर गुजराती, तेलुगू, हिंदी. एका दुकानात भाकरीचं ज्वारीचं पीठ, पुढच्यात गौरी-गणपतीचं साहित्य वर्षभर. काउंटीची वस्ती २०२०च्या जनगणनेत ८,६३,१६२ होती आणि भारतीय वंशाची माणसं त्यात लाखाच्या वर. क्षेत्र मात्र आठशे चौरस किलोमीटरच्या आसपास. लातूर जिल्हा सात हजारांच्या वर आहे. म्हणजे ही काउंटी आमच्या एखाद्या तालुक्याएवढी. पण त्यात पंचवीस नगरं आणि टाउनशिपा, प्रत्येकीची वेगळी पालिका, बहुतेकींची वेगळी शाळा समिती आणि पोलीस. मग काउंटीकडे काय उरतं? रस्ते, बागा, तुरुंग, न्यायालयाची इमारत, शेरीफ, खरेदीखतांची नोंद, आणि सरोगेट. हे सरोगेट म्हणजे मृत्युपत्रांचं काम पाहणारा निवडून दिलेला अधिकारी. फलकावर तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा बायकोने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल.

ओक ट्री रोडच्या एका टोकाला छोटं तळं आहे. या परिसरात २६ जून १७७७ला इंग्रज आणि वॉशिंग्टनच्या सैन्याची चकमक झाली. आम्ही त्या वेळी हातात गरम जिलेबीचा द्रोण घेऊन उभे होतो. ओक ट्री हे नावही भारतीय दुकानांच्या किती आधीचं! इथे त्या नावाची जुनी वाडी होती. आमची मुलं इथे येऊन त्या नावाला आपल्या उच्चाराने हाका मारताहेत. मी वाढदिवसाचे म्हणून अर्धा किलो पेढे घेतले.

पिस्कॅटवे

पिस्कॅटवेच्या नदीकाठच्या बागेत काउंटीने वेगवेगळ्या गावांतून उचललेली जुनी घरं आणून एक पेठ उभी केली आहे. शेतकऱ्याचं घर, शाळा, चर्च, एक खानावळ. खानावळीचं नाव इंडियन क्वीन, आणि त्यातल्या इंडियनचा आपल्याशी काही संबंध नाही. ती मूळची न्यू ब्रन्सविकची. १७७६च्या सप्टेंबरमध्ये जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिन इंग्रज सेनापतीशी तहाची बोलणी करायला स्टॅटन बेटावर निघाले होते. न्यू ब्रन्सविकमध्ये मुक्कामाला जागा नव्हती, दोघांना एका खोलीत एकच पलंग मिळाला. ॲडम्सला सर्दीची धास्ती, त्याने खिडकी लावून घेतली. फ्रँकलिन म्हणाला, उघडा, बंद हवेनेच सर्दी होते. आणि आपला सिद्धान्त समजावू लागला. ॲडम्सने पुढे लिहून ठेवलंय की ते ऐकता ऐकता आपल्याला झोप लागली. परंपरा सांगते ती खानावळ हीच. तहाची बोलणी फिसकटली. माझं मत विचाराल तर फ्रँकलिनचा धीट मुद्दा शास्त्राला धरून होता, पण मार्चमध्ये तिथे मीही खिडकी लावली असती.

पेठेत एक वयस्क बाई दारं तपासत फिरत होत्या. मी त्यांना सांगितलं, आज तुमच्या काउंटीचा वाढदिवस. "आज?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू दिवसाचे काही तास राहिलेत का ते बघताहेत. पेढा हातात घेऊन उलटसुलट केला, वेलचीचा वास घेतला, आणि विचारलं, हे दुधाचं का? मग दुसरा मागून घेतला, घरच्या माणसासाठी.

त्यांच्याचकडून एक गोष्ट कळली आणि मी ती नंतर पुस्तकात तपासली. मिडलसेक्स स्थापन होऊन पाच वर्षं होतात न होतात तोच तिच्यातून एक तुकडा वेगळा निघाला, सॉमरसेट काउंटी, १६८८मध्ये. कारण काय दिलं असेल? रॅरिटनच्या वरच्या अंगाला पूर फार येतात, कुंपणं वाहून जातात, त्यामुळे तिथल्या लोकांची शेतीची तऱ्हा खालच्यांहून निराळी आहे. बस. कुंपणासाठी जिल्हा! मी जिल्हा विभाजनाच्या मागण्यांची निवेदनं पोत्याने पाहिली आहेत. अंतर, भाषा, अस्मिता, पुढाऱ्यांची सोय. इतकं सरळ आणि शेतकऱ्याचं कारण एकातही वाचल्याचं आठवत नाही.

न्यू ब्रन्सविक

मुख्यालय. हे १७९३पासून इथे. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं नाव काही वर्षांपूर्वीपर्यंत होतं 'बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स'. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची, कर्जमुक्त जमीन असलेला. वतनदार म्हणा. ज्याला जमीन तोच मतदार, तोच पंच. गंमत अशी की न्यू जर्सीच्या १७७६च्या घटनेत शब्दरचना मोकळी राहिली, त्यामुळे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या अविवाहित बायका आणि विधवा, काही मुक्त कृष्णवर्णीयसुद्धा, मत देऊ लागले. १८०७मध्ये विधिमंडळाने ते दार बंद केलं: फक्त गोरे पुरुष. बायकांनी मिळालेलं मत गमावलं आणि परत मिळायला एकशे तेरा वर्षं गेली. फ्रीहोल्डर हा शब्द मात्र पदनामात टिकला, तो १ जानेवारी २०२१पासून कायद्याने काढला. आता कमिशनर म्हणतात.

ज्यांना जमीन नव्हती, उलट जे स्वतःच जंगम मालमत्तेत मोजले जात, त्यांचं दप्तरही याच गावात आहे. रटगर्स विद्यापीठाची जुनी तांबडसर दगडी इमारत, ओल्ड क्वीन्स, टेकाडावर आहे. विद्यापीठाची सनद १७६६ची. तिच्या बाजूच्या वाटेला २०१७पासून 'विल्स वे' म्हणतात. विल हा एक गुलाम. या इमारतीचा पाया घालायला तो राबला आणि त्याच्या मजुरीचे पैसे मालकाच्या खात्यात जमा झाले. ती नोंद संशोधकांना सापडली म्हणून नाव कळलं. आडनाव नाही.

न्यू जर्सीने १८०४मध्ये गुलामगिरी 'हळूहळू' संपवायचा कायदा केला. त्यानंतर जन्मलेल्या मुलींनी एकवीस वर्षं आणि मुलांनी पंचवीस वर्षं मालकाची चाकरी करायची, मग स्वतंत्र. तोपर्यंत त्यांना त्यांच्या संमतीशिवाय राज्याबाहेर नेता येणार नाही. आता संमती नोंदवणार कोण? न्यायाधीश. १८१८ साली याच काउंटीतला जेकब व्हॅन विकल नावाचा न्यायाधीश आपल्या नातेवाइकांबरोबर लुइझियानाच्या मळ्यांकडे माणसं पाठवत होता. सुमारे शंभर जण गेले. प्रत्येकाच्या नावाने संमतीचा कागद, सहीशिक्क्यानिशी. अंगावर पिणाऱ्या मुलांचीही संमती.

मी आयुष्यात हजारो जबाब नोंदवले. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं खाली लिहून अंगठे घेतले. किती वाचून दाखवले? त्या टेकाडावर हा प्रश्न मला नको होता, तरी आला. जावई पुढे निघून गेले होते. मी जरा मागे राहिलो.

सार्वजनिक ग्रंथालयामागच्या स्मशानभूमीत जपानी नावांचे दगड आहेत. जपानने दारं उघडल्यावर, १८६०च्या दशकात, तिथली मुलं शिकायला ज्या थोड्या गावांत आली त्यांत न्यू ब्रन्सविक होतं. फुकुईहून आलेला कुसाकाबे तारो वर्गात पहिल्या फळीचा, पदवी हाती यायच्या जरा आधी १८७०मध्ये क्षयाने गेला. विद्वत्सभेची जी सोन्याची किल्ली त्याला मिळायची होती ती त्याला शिकवणाऱ्या ग्रिफिसने फुकुईला नेऊन त्याच्या वडिलांच्या हातात ठेवली. आज फुकुई आणि न्यू ब्रन्सविक भगिनी शहरं आहेत.

आणि याच गावात, त्र्याहत्तर वर्षांनी, क्षयावरचं औषध सापडलं. रटगर्सच्या शेतकी महाविद्यालयाच्या तळघरात १९४३मध्ये अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. ते तयार करणारा जिवाणू कुठे मिळाला? भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीत, आणि एका कोंबडीच्या घशात. नोबेल १९५२मध्ये मिळालं ते एकट्या मार्गदर्शकाला, सेल्मन वाक्समनना. शॅट्झ त्याआधी कोर्टात गेला होता आणि सहसंशोधक म्हणून त्याचं नाव मान्यही झालं होतं, पण नोबेल समितीने ते घेतलं नाही. माझे थोरले काका मिरजेच्या दवाखान्यात सात महिने 'स्ट्रेप्टो'ची इंजेक्शनं घेत होते. जगले, पुढे तीस वर्षं जगले. कानांनी मात्र कमी ऐकू यायचं, त्या औषधाचा तो गुण. घरात आम्ही ओरडून बोलायचो ते त्यामुळे. त्या ओरडण्याचं मूळ एडिसनपासून सहा मैलांवर निघावं!

प्लेन्सबरो, आणि घरी

नैर्ऋत्येच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आज प्लेन्सबरोमध्ये घरंच घरं आहेत आणि त्यांत भारतीय पुष्कळ. पण इथे वॉकर-गॉर्डन नावाचा प्रचंड गोठा होता आणि १९३०पासून त्यात 'रोटोलॅक्टर' फिरायचा: पाळण्यासारखं गोल फिरतं चाक, त्यावर एका वेळी पन्नास गायी, एक फेरी पुरी होईतो धार काढून मोकळ्या. १९३९च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांनी रांगा लावून पाहिला. त्या प्रदर्शनात गाजलेली जाहिरातीतली एल्सी गाय या गोठ्यातली. दोन वर्षांनी रस्त्यावरच्या अपघातानंतर ती गेली आणि इथेच पुरली. नातवाने विचारलं, गायींना चक्कर नाही यायची? या प्रवासातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच, असं त्याचं मत होतं.

घरी आल्यावर मी मुलीला घराचा कागद काढायला लावला. खरेदीखत, काउंटी क्लार्ककडे नोंदलेलं. पुस्तक क्रमांक, पान क्रमांक. ब्लॉक आणि लॉट, म्हणजे आमचा गट नंबर आणि पोटहिस्सा. खाली चतुःसीमा: रस्त्याच्या उत्तरेच्या रेषेवरच्या अमुक बिंदूपासून निघून इतके फूट, मग इतके अंश फिरून इतके फूट, आणि परत त्याच बिंदूवर. त्याच काउंटीच्या दप्तरात आता माझ्या पोरीचं नाव, माहेरच्या आडनावासकट. मी दोनदा वाचलं. "अहो, मोजून बघणार आहात का बागेत जाऊन?" बायकोने विचारलं. मनात तसं होतं खरं.

नातू तेवढ्यात संगणकावरून ओरडला. त्याने तारखेचा छडा लावला होता. १६८३मध्ये इंग्रजांचं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं. म्हणजे त्यांचा ७ मार्च आपला १७ मार्च. "आजोबा, आज वाढदिवस नाहीच आहे!"

मी गप्प. दिवसभर नदीच्या वाऱ्यात कुडकुडलेला मी.

"असू दे," बायको म्हणाली. "शिवजयंती नाही का तारखेने वेगळी आणि तिथीने वेगळी होत?" डब्यात सहा पेढे उरले होते. ते तिने फ्रीजमध्ये ठेवले, सतरा तारखेसाठी.